गच्चीवरची टाकी आणि केव्हीओ: ऑब्जेक्टिव्ह-सीमधील एका जुन्या सोयीचे परीक्षण

विलेपार्ले पूर्वेला आमची तळमजला अधिक चार मजल्यांची सोसायटी आहे. तिच्या ऑफिसात, रजिस्टरांच्या लोखंडी कपाटाशेजारी, एका सभासदाने देऊन टाकलेला २०१२ सालचा मॅक मिनी ठेवला आहे. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे आणि पंप चालू आहे की बंद, एवढेच तो पडद्यावर दाखवतो. त्याचा प्रोग्रॅम मी ऑब्जेक्टिव्ह-सी या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिला असून त्याचा सगळा डोलारा ॲपलच्या फाउंडेशन फ्रेमवर्कमधील, म्हणजे तयार कोडच्या संचातील, ‘की-व्हॅल्यू ऑब्झर्व्हिंग’ या सोयीवर उभा आहे. तिला सर्वजण केव्हीओ म्हणतात आणि हे परीक्षण तिचेच आहे. ऑब्जेक्टच्या साध्या प्रॉपर्टीची, म्हणजे एखाद्या पूर्णांकाची, दशांश संख्येची किंवा हो-नाही स्वरूपाच्या बूलची, किंमत बदलली की दुसऱ्या ऑब्जेक्टला तसे कळावे, एवढ्याच कामापुरती मी ती येथे तपासली आहे. ॲरे आणि संच यांच्या निरीक्षणातले काटे वेगळे आहेत आणि त्यांच्यात मी शिरणार नाही. गुण द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. उरलेला दीड गुण कुठे गेला ते पुढे सविस्तर येईलच.

मुंबईत सोसायटीत राहणाऱ्याला या सोयीची गरज समजावून सांगावी लागू नये. पालिकेचे पाणी ठरावीक वेळेत खालच्या टाकीत येते, तेथून ते पंपाने गच्चीवर चढवले जाते, आणि वरची टाकी भरून वाहू लागण्याआधी पंप बंद करणे हे वॉचमनचे काम असते. पूर्वी आमचा वॉचमन दर पंधरा मिनिटांनी जिने चढून, झाकण उचलून आत डोकावत असे. प्रोग्रॅमिंगच्या भाषेत याला पोलिंग म्हणतात आणि दोन्हीकडे त्यात सारखीच दमछाक होते. पुढे टाकीत तरंगणारा गोळा बसवला आणि तो वर आला की खाली घंटा वाजू लागली. केव्हीओ ही ती घंटा आहे. तिचे खरे वैशिष्ट्य असे की टाकीच्या क्लासमध्ये, म्हणजे तिच्या ऑब्जेक्टच्या आराखड्यात, त्यासाठी एक ओळही लिहावी लागत नाही. डेलिगेट, म्हणजे कळवण्यासाठी नेमलेला मदतनीस ऑब्जेक्ट, ठेवला तर टाकीला त्याचे भान ठेवावे लागते, नोटिफिकेशन सेंटर हे सूचनांचे सामायिक केंद्र वापरले तर प्रत्येक सेटरमध्ये (किंमत लिहिणाऱ्या मेथडमध्ये) सूचना पाठवण्याची ओळ घालावी लागते. केव्हीओत मात्र निरीक्षण करणारा स्वतः येऊन घंटा जोडून जातो आणि टाकीला त्याचा पत्ताही नसतो.

ही सोय २००३ साली मॅक ओएस एक्स १०.३, म्हणजे पँथर, या आवृत्तीबरोबर कोको बाइंडिंग्जचा, म्हणजे पडद्यावरचे रकाने प्रॉपर्टींना बांधणाऱ्या सोयीचा, पाया म्हणून आली. भाषा तिच्याहून बरीच जुनी आहे. ब्रॅड कॉक्स आणि टॉम लव्ह यांनी ती १९८०च्या दशकाच्या आरंभी घडवली, नेक्स्ट कंपनीने ती आपलीशी केली आणि ॲपलने नेक्स्ट विकत घेतल्यावर ती मॅकवर आली. २००७ साली ऑब्जेक्टिव्ह-सी २.० आल्यावर प्रॉपर्टी एका ओळीत जाहीर करता येऊ लागली आणि सेटर कंपायलरकडून मिळू लागला, त्यामुळे घंटा जोडण्याची जागा प्रत्येक साध्या किमतीला जणू आयतीच मिळाली.

जोडणी एका संदेशात होते. टाकीच्या ऑब्जेक्टला ‘ॲड-ऑब्झर्व्हर’ हा संदेश पाठवताना कोणाला कळवायचे, कोणत्या कीबद्दल, म्हणजे कोणत्या प्रॉपर्टीच्या नावाबद्दल, कळवायचे, कोणते तपशील हवेत आणि कॉन्टेक्स्ट नावाचा एक पॉइंटर (मेमरीतला पत्ता), अशा चार गोष्टी द्याव्या लागतात. तपशिलांत ‘न्यू’ मागितले तर नवी किंमत मिळते, ‘ओल्ड’ मागितले तर जुनी; ‘इनिशियल’ मागितले तर जोडणी होताक्षणी घंटा एकदा वाजून जाते, आणि ‘प्रायर’ मागितले तर बदलाच्या आधीही एक सूचना येते. माझ्या प्रोग्रॅममध्ये प्रायरची गरज कधी पडली नाही. इनिशियल मात्र मी आवर्जून वापरतो, कारण ते नसेल तर प्रोग्रॅम उघडल्यावर पहिला बदल होईपर्यंत पडद्यावर शून्य दिसत राहते आणि ते पाहून सेक्रेटरीकाकांचा जीव खालीवर होतो.

सूचना घेण्याची बाजू तितकी देखणी नाही. तुम्ही कितीही ऑब्जेक्टच्या कितीही किमतींवर नजर ठेवा, सगळ्या सूचना ‘ऑब्झर्व्ह-व्हॅल्यू-फॉर-की-पाथ’ या एकाच मेथडमध्ये येतात. सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एकच बेल असावी आणि दार उघडल्यावर आलेला पाहुणा कोणाकडचा हे विचारावे लागावे, तसा हा प्रकार आहे. पाहुणा ओळखण्यासाठीच तो कॉन्टेक्स्ट पॉइंटर असतो: स्वतःचाच पत्ता किंमत म्हणून धारण करणारा एक स्टॅटिक चल जाहीर करायचा, जोडणीच्या वेळी तो द्यायचा आणि सूचना आल्यावर पहिल्या ओळीत तोच आहे ना ते पाहायचे. नसेल तर सूचना सुपरक्लासकडे, म्हणजे ज्या क्लासपासून आपला क्लास बनला त्याच्याकडे, सोपवायची. अनेकजण कॉन्टेक्स्टच्या जागी काहीच देत नाहीत आणि कीच्या नावाची तुलना करून भागवतात. सुपरक्लासनेही त्याच कीवर नजर ठेवली असेल तर तिच्या सूचना मग तुम्हीच गिळून टाकता आणि तिच्यातले काहीतरी मुकाट्याने बंद पडते. उलट, कोणीच न स्वीकारलेली सूचना थेट एनएसऑब्जेक्ट या मूळ क्लासपर्यंत पोचली तर तेथे अपवाद, म्हणजे चूक झाल्याचा इशारा, फेकला जातो आणि प्रोग्रॅम कोसळतो. ब्लॉक, म्हणजे सूचना आल्यावर चालवायचा कोडचा तुकडा, जोडणीच्या वेळीच देऊन मोकळे होण्याची सोय फाउंडेशनने ऑब्जेक्टिव्ह-सीसाठी दिलेली नाही, याबद्दल माझा पहिला अर्धा गुण कापला गेला.

आत काय घडते ते पाहण्याजोगे आहे आणि पुढच्या बऱ्याच चुकांचे मूळ त्यातच असल्याने त्यावर थोडे थांबतो. एखाद्या ऑब्जेक्टवर पहिला निरीक्षक जोडला जातो तेव्हा रनटाइम, म्हणजे प्रोग्रॅम चालताना भाषेचे काम पाहणारी यंत्रणा, त्या क्लासचा एक नवा सबक्लास जागच्या जागी तयार करते. मूळ क्लासचे नाव टँक असेल तर या नव्याचे नाव ‘एनएसकेव्हीओनोटिफाइंग’ अशा उपसर्गाने सुरू होऊन टँकवर संपते. मग ऑब्जेक्टचा ‘इझा’ पॉइंटर, म्हणजे आपण कोणत्या क्लासचे आहोत हे सांगणारी खूण, या सबक्लासकडे वळवला जातो. सबक्लासमधला सेटर आधी ‘किंमत बदलणार आहे’ असे सांगतो, मग मूळ सेटरला बोलावतो आणि शेवटी ‘किंमत बदलली’ असे सांगतो. गंमत अशी की त्या ऑब्जेक्टला ‘तुझा क्लास कोणता’ असे विचारले तर ते शांतपणे जुनेच नाव सांगते, कारण सबक्लासने ती मेथडही बदललेली असते. खरे उत्तर हवे असेल तर रनटाइमच्या ‘ऑब्जेक्ट-गेट-क्लास’ या फंक्शनला विचारावे लागते. साध्या किमतींसाठी तर प्रत्येक प्रकाराचे वेगळे फंक्शन आत तयार ठेवलेले आहे. सेटरमध्ये लावलेल्या ब्रेकपॉइंटवर (प्रोग्रॅम थांबवण्याच्या खुणेवर) एक्सकोड या ॲपलच्या प्रोग्रॅमिंगच्या साधनातील कॉल स्टॅक, म्हणजे कोणी कोणाला बोलावले याची यादी, पाहिला तर डबलसाठी ‘एनएससेट-डबल-व्हॅल्यू-अँड-नोटिफाय’ असे नाव दिसते, इंटसाठी त्याचेच इंट भावंड. कारागिरी म्हणून मला हे फार आवडते.

किंमत हाती येते ती मात्र पाकिटात बंद होऊन. सूचनेबरोबर एक डिक्शनरी येते आणि डिक्शनरीत फक्त ऑब्जेक्ट मावतात, म्हणून इंट, फ्लोट, डबल, बूल या सगळ्यांना एनएसनंबरमध्ये गुंडाळले जाते; आयत, बिंदू किंवा रेंज यांसारखी स्ट्रक्चर्स एनएसव्हॅल्यूमध्ये जातात. शाळेत आपण ‘क्षची किंमत काढा’ म्हणत असू, ते येथे अक्षरशः करावे लागते. या पाकिटाने मला एकदा चांगलेच तोंडघशी पाडले. पंपाच्या सूचनेत मी ‘नव्या किमतीच्या जागी काही आहे का’ अशी अट लिहिली होती आणि मनात समजत होतो की मी ‘पंप चालू आहे का’ असे विचारतो आहे. पंप बंद झाला तरी ‘नाही’ ही किंमत भरलेले एनएसनंबरचे पाकीट तेथे असतेच, आणि पाकीट आहे म्हटल्यावर अट खरी ठरते. परिणामी पडद्यावरचा हिरवा दिवा एकदा लागला तो लागलाच. पंप चालू असल्याचे गृहीत धरून वॉचमन निर्धास्त बसला, वरची टाकी रिकामी झाली आणि चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या डोक्याला साबण लागलेला असताना नळ कोरडा पडला. त्यानंतरच्या मासिक सभेत संगणकाविषयी जे बोलले गेले ते लिहिण्याजोगे नाही. दुरुस्ती एका शब्दाची होती: पाकिटाला ‘बूल-व्हॅल्यू’ विचारायची. कंपायलर या चुकीबद्दल एक अक्षर बोलत नाही, कारण भाषेच्या दृष्टीने ती अट पूर्णपणे वैध आहे.

बूलबद्दल आणखी एक उपकथा आहे. इंटेल मॅकवर ऑब्जेक्टिव्ह-सीचा बूल हा ऐतिहासिक कारणांमुळे प्रत्यक्षात साइन्ड कॅरेक्टर आहे, तर ६४ बिटांच्या आयफोनवर आणि ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर तो खरा बूलियन आहे. त्यामुळे आमच्या मॅक मिनीवर पाकिटात जे येते ते बूलचे नव्हे तर कॅरेक्टरचे एनएसनंबर असते. बूल-व्हॅल्यू विचारली तर दोन्हीकडे उत्तर एकच येते. पण पाकिटाच्या पॉइंटरची तयार ‘येस’ पाकिटाशी थेट बरोबरी करून पाहण्याची ज्यांना सवय आहे, त्यांचा कोड एका यंत्रावर चालतो आणि दुसऱ्यावर फसतो.

आता मुख्य तक्रार. केव्हीओच्या नावावरून आणि तिच्या वर्णनावरून आपली समजूत होते की किंमत बदलली की ती सांगते. ती तसे सांगत नाही. ती ‘किंमत लिहिली गेली’ एवढेच सांगते. आमचा सेन्सर दर सेकंदाला पातळी पाठवतो आणि प्रोग्रॅम ती सेटरने लिहितो. रात्री दोन वाजता सगळी इमारत झोपलेली असताना पातळी तसूभरही हलत नाही, तरी घंटा दर सेकंदाला वाजत राहते. मी प्रत्येक सूचनेला नोंदवहीच्या फाइलमध्ये एक ओळ लिहीत होतो. दिवसाला ८६,४०० ओळी आणि त्यांतल्या बहुतेक ‘६२ वरून ६२’ अशा थाटाच्या. महिन्याभरात ती फाइल उघडायलाही वेळ लागू लागला तेव्हा मी जागा झालो.

येथे सहज सुचणारा उपाय निरुपयोगी आहे, हे मुद्दाम सांगायला हवे. मी टाकीच्या क्लासमध्ये स्वतःचा सेटर लिहून ‘नवी किंमत जुनीइतकीच असेल तर काही न करता परत फिर’ अशी ओळ घातली. घंटा तरीही वाजत राहिली. वर सांगितलेली आतली रचना आठवली की कारण उलगडते: घंटा माझ्या सेटरमध्ये नाहीच, ती बाहेरून माझ्या सेटरला वेढून बसलेल्या सबक्लासच्या सेटरमध्ये आहे, आणि आत मी काही केले की नाही याची तो विचारपूस करत नाही. खरा उपाय असा की त्या एका कीपुरती आपोआप सूचना बंद करायची. त्यासाठी ‘ऑटोमॅटिकली-नोटिफाइज-ऑब्झर्व्हर्स-ऑफ’ या शब्दांपुढे प्रॉपर्टीचे नाव जोडून एक क्लास मेथड लिहायची आणि तिने ‘नाही’ असे उत्तर द्यायचे. मग आपल्या सेटरमध्ये तुलना करून, फरक असेल तरच ‘विल-चेंज’ आणि ‘डिड-चेंज’ हे दोन संदेश स्वतः पाठवायचे. मी पातळीतला फरक अर्ध्या टक्क्याहून अधिक असेल तरच ते पाठवतो, कारण पाण्याच्या हेलकाव्याने दशांशाच्या तिसऱ्या घरात होणारी वळवळ कोणालाच नको असते. त्याच दिवसापासून नोंदवही वाचण्याजोगी झाली. एवढी साधी अपेक्षा पुरी करण्यासाठी माणसाला इतका वळसा घालावा लागतो, म्हणून येथे आणखी अर्धा गुण गेला.

उलट बाजूही ध्यानात ठेवावी. घंटा सेटरला जोडलेली असल्याने सेटर टाळून थेट आतल्या चलात किंमत लिहिली तर ती वाजत नाही. सेल्फनंतर टिंब देऊन किंमत एकाने वाढवली तर सेटर बोलावला जातो आणि सूचना येते. तेच अंडरस्कोरने सुरू होणारा चल थेट वाढवला तर पूर्ण शांतता. ‘सेट-व्हॅल्यू-फॉर-की’ या केव्हीसीच्या, म्हणजे कीचे नाव देऊन किंमत लिहिण्या-वाचण्याच्या सोयीच्या, मार्गाने लिहिले तर मात्र, क्लासमध्ये सेटर नसला आणि किंमत थेट चलातच जात असली, तरी सूचना येते.

कीचे नाव स्ट्रिंगच्या, म्हणजे साध्या अक्षरमालेच्या, रूपात द्यावे लागते, ही या सोयीची सर्वांत जुनी आणि सर्वांत रास्त टीका आहे. नावात एखादे अक्षर चुकले तर कंपायलर काही बोलत नाही आणि जोडणीही बिनबोभाट होते. घंटा फक्त कधीच वाजत नाही. इनिशियल आणि न्यू हे दोन पर्याय एकत्र दिले तर जोडणीच्या वेळीच किंमत वाचली जाते आणि चुकीच्या नावाला तेथल्या तेथे अपवाद फेकला जातो, म्हणून मी हे पर्याय शुद्धलेखन तपासण्यासाठीही वापरतो. त्याहून बरा मार्ग म्हणजे सिलेक्टरवरून, म्हणजे मेथडच्या नावावरून, स्ट्रिंग बनवणारे ‘एनएसस्ट्रिंग-फ्रॉम-सिलेक्टर’ हे फंक्शन, कारण अनोळखी सिलेक्टरबद्दल कंपायलरकडून इशारा मिळवता येतो. पण यातही बूलसाठी एक खड्डा आहे. पंपाच्या प्रॉपर्टीचे नाव ‘रनिंग’ आणि तिच्या गेटरचे (किंमत वाचून देणाऱ्या मेथडचे) नाव ‘इजरनिंग’ असेल, तर सिलेक्टरवरून बनवलेली की ‘इजरनिंग’ अशी होते. तिच्यावर जोडणी होते, इनिशियलमुळे पहिली घंटाही योग्य किमतीसह वाजते, आणि त्यानंतर कायमचे मौन, कारण सेटर ‘सेटरनिंग’ या नावाचा आहे आणि त्याची की फक्त ‘रनिंग’ आहे. पहिल्या दिवशी गोड बोलून नंतर फोन न उचलणाऱ्या कंत्राटदाराची मला येथे आठवण होते.

साधी किंमत कधी रिकामी नसते, तिला निदान शून्य तरी असते, म्हणून निरीक्षणात रिकाम्या किमतीची काळजी नको असे वाटू शकते. दोन ठिकाणी ती काळजी करावी लागते. निरीक्षक टाकीवर थेट न जोडता इमारतीच्या ऑब्जेक्टवर ‘टँक’, टिंब, ‘लेव्हल’ अशा लांब मार्गाने जोडला असेल आणि मधली टाकीच काढून घेतली गेली, तर पाकिटाच्या जागी एनएसनल, म्हणजे ‘काही नाही’ दाखवणारे ऑब्जेक्ट, येते. त्याला ‘डबल-व्हॅल्यू’ विचारली की प्रोग्रॅम जमीनदोस्त. दुसरे ठिकाण बाइंडिंग्जचे. टाकीची क्षमता भरण्याचा रकाना पूर्णांकाच्या प्रॉपर्टीला बांधलेला असेल आणि कोणी तो रकाना पुसून टॅब दाबला, तर केव्हीसी त्या पूर्णांकात रिकामी किंमत बसवू पाहते आणि ते शक्य नसल्याने अपवाद फेकते. ‘सेट-निल-व्हॅल्यू-फॉर-की’ ही मेथड लिहून तेथे शून्य बसवले की प्रश्न मिटतो.

सूचना कोणत्या थ्रेडवर, म्हणजे प्रोग्रॅममधल्या समांतर कामांच्या कोणत्या धाग्यावर, येते हा प्रश्न कागदपत्रांत स्पष्ट आहे, तरी नवख्यांचा येथे हमखास घोळ होतो. ज्या थ्रेडवर किंमत लिहिली गेली त्याच थ्रेडवर, लिहिण्याच्या त्याच क्षणी, सूचना येते, आणि सगळ्या निरीक्षकांचे काम आटोपेपर्यंत सेटर परत येत नाही. आमच्या सेन्सरचे वाचन पार्श्वभूमीतल्या क्यूवर, म्हणजे कामांच्या रांगेवर, चालते, म्हणून पडद्यावरचा आकडा बदलण्याचे काम मला मुख्य क्यूवर ढकलावे लागते. मला हा सरळपणा आवडतो. सूचना उशिरा येईल का, दोन सूचनांची अदलाबदल होईल का, असले प्रश्न एका थ्रेडपुरते तरी उरत नाहीत.

जोडणी सोडवण्याचा भाग मात्र या सोयीच्या अंगावरचा सर्वांत दुखरा फोड आहे. केव्हीओ निरीक्षकाला धरून ठेवत नाही आणि निरीक्षक नष्ट झाला तरी तिला त्याची खबर नसते. माझ्या पहिल्या आवृत्तीत खिडकी बंद केल्यावर तिचा कंट्रोलर नष्ट होत असे, पण मी जोडणी सोडवली नव्हती. पुढच्या सेकंदाला सेन्सरचा आकडा आला की सूचना मृत पत्त्यावर जाई आणि प्रोग्रॅम कोसळे. जोडलेली नसताना सोडवायला गेले तर अपवाद, दोनदा सोडवले तरी अपवाद, आणि आपण जोडलेले आहोत का हे विचारण्याची अधिकृत सोय नाही. काहीजण सोडवण्याच्या ओळीला ट्राय-कॅचमध्ये, म्हणजे अपवाद पकडणाऱ्या रचनेत, गुंडाळतात. मी तसे करत नाही, कारण जोडण्याची आणि सोडवण्याची जागा जोडीने ठरवणे हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा धर्म आहे असे मी मानतो, आणि ट्राय-कॅचने तो पाळला जात नाही, फक्त झाकला जातो.

२०१७ साली मॅक ओएस १०.१३ आणि आयओएस ११ बरोबर यात एक सवलत आली. त्याआधी, निरीक्षक जोडलेले असताना निरीक्षित ऑब्जेक्ट नष्ट झाले तर अपवाद फेकला जाई. आता उरलेल्या जोडण्या केव्हीओ स्वतः आवरून घेते. मात्र त्या आवृत्तीच्या टिपणात या सवलतीला अट घातली आहे: ते ऑब्जेक्ट आपोआप सूचना देणारे असले पाहिजे. म्हणजे अनावश्यक घंटा टाळण्यासाठी मी पातळीच्या कीवर आपोआप सूचना बंद केली, त्याच कृतीने मी या सवलतीच्या बाहेर पडलो. सेन्सरची वायर निघून पुन्हा जोडली की माझा प्रोग्रॅम टाकीचे नवे ऑब्जेक्ट तयार करतो आणि जुने सोडून देतो, त्यामुळे हा मुद्दा माझ्यासाठी पुस्तकी नव्हता. सोडवण्याच्या ओळी मी जागच्या जागी ठेवल्या. उरलेला अर्धा गुण या प्रकरणात गेला.

तक्रारींची यादी लांबली, म्हणून जे मनापासून आवडते तेही सांगतो. एका किमतीवर दुसरी किंमत अवलंबून असेल तर केव्हीओ फार सुरेख काम करते. टाकीत अजून किती लिटर मावतील हा आकडा मी कुठेच साठवत नाही. क्षमता आणि पातळी यांवरून तो मागितल्या वेळी काढला जातो. ‘की-पाथ्स-फॉर-व्हॅल्यूज-अफेक्टिंग’ अशा नावाच्या मेथडमध्ये या दोन कींचा संच परत केला की दोहोंपैकी कोणतीही बदलली तरी उरलेल्या जागेवर नजर ठेवणाऱ्याला आपोआप कळते. सेटरही नसलेल्या प्रॉपर्टीला अशी घंटा बसते, हे पहिल्यांदा चालताना पाहिले तेव्हा मी रात्री साडेअकराला ऑफिसात एकटाच हसलो होतो.

ॲपलच्या स्वतःच्या फ्रेमवर्कमध्येही साध्या किमतींवरचे निरीक्षण हाच कित्येक ठिकाणी अधिकृत मार्ग आहे. एव्हीप्लेअरचा ‘रेट’ हा फ्लोट, डब्ल्यूकेवेबव्ह्यूची ‘एस्टिमेटेड-प्रोग्रेस’ आणि एनएसप्रोग्रेसची ‘फ्रॅक्शन-कम्प्लीटेड’ ही दोन डबल, या तिन्हींवर केव्हीओ बिनधोक चालते. आयफोनच्या पडद्यासाठीच्या यूआयकिटमधील क्लासना मात्र ही हमी नाही. एखाद्या व्ह्यूच्या फ्रेमवर जोडलेली घंटा आज वाजली म्हणून पुढच्या आवृत्तीत वाजेलच असे समजू नये.

पर्यायांचा विचार केला तर फेसबुकने प्रसिद्ध केलेल्या केव्हीओकंट्रोलर या ओपन सोर्स लायब्ररीने ब्लॉक आणि आपोआप सोडवणूक या दोन्ही उणिवा भरून काढल्या होत्या. ॲपलची स्विफ्ट ही नवी भाषा वापरणाऱ्यांना २०१७ पासून ब्लॉकसह निरीक्षण मिळते आणि परत मिळालेले टोकन नष्ट झाले की जोडणी आपोआप सुटते. कीच्या नावाची तपासणीही कंपायलर करतो. नवा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मी तिकडेच पाठवीन. ज्याच्या पदरात ऑब्जेक्टिव्ह-सीचा जुना कोड आहे, निरीक्षक आणि निरीक्षित हे दोन्ही क्लास ज्याच्या हातात आहेत, आणि ज्याला संख्या किंवा बूल यांच्यावरच नजर ठेवायची आहे, त्याने केव्हीओ घ्यावी. दुसऱ्याच्या क्लासवर, अनेक थ्रेडांमध्ये, ऑब्जेक्ट वारंवार जन्मत आणि मरत असताना ती वापरायची असेल तर डेलिगेट बरा. अधिकृत मार्गदर्शिका आता ॲपलच्या जुन्या कागदपत्रांच्या संग्रहात गेली आहे, पण साध्या किमतींपुरते त्यातले सगळे अजून लागू आहे.

यंदाच्या सर्वसाधारण सभेत खालच्या टाकीलाही सेन्सर बसवायला मंजुरी मिळाली आहे. तिच्या पातळीसाठी मी तोच टँक क्लास आणि वेगळा कॉन्टेक्स्ट पॉइंटर वापरणार आहे, आणि खालची टाकी रिकामी असताना पंप सुरू होऊ नये यासाठी ‘पंप चालवता येईल का’ हा बूल दोन्ही पातळ्यांवर अवलंबून ठेवणार आहे. त्याचा गेटर ‘इज’ने सुरू होणार नाही.